पिकअपची रेस आणि पंपाचा खर्च



कर्ज काढून जुनी डिझेल पिकअप घेणारे तरुण आपल्या वस्त्यांतून बरेच दिसतात. कुठे बँकेचा हप्ता, कुठे घरच्या माउलीने बचत गटातून उचललेले पैसे. अशी गाडी उभ्या जागी आपोआप रेस वर-खाली करू लागली की पहिला सल्ला मिळतो, "पंप गेला, खोलावा लागेल." खर्च हजारोंचा, भाडे बंद, हप्ता मात्र थांबत नाही. आमचे म्हणणे, पंपाला हात शेवटी लावावा.

जुन्या यांत्रिक पंपातील गव्हर्नर डिझेल कमी-जास्त करून इंजिनाचे फेरे सांभाळतो. डिझेलबरोबर हवा आली की फेरे पडतात, तो डिझेल वाढवतो. फेरे चढले की आवरतो. टाकी ते फीड पंप या भागात डिझेल ओढले जाते. त्यामुळे तडकलेल्या नळीतून ते टपकेलच असे नाही, उलट हवा आत शिरते. नळी कोरडी म्हणून चांगली, हा समज सोडावा.

डब्यात स्वच्छ डिझेल घेऊन नवी नळी थेट फीड पंपाला जोडावी, एअर काढावी. रेस स्थिरावली तर दोष टाकीकडे; बहुधा नळी, क्लिप, वॉशर यांवर भागते. नाहीच स्थिरावली तर फिल्टर बदलून पाहावा. मगच पंपवाला. सील तोडून स्क्रू फिरवू देऊ नये, काढलेले जुने भाग परत घ्यावेत आणि पावती मागावी. काहींचा चेहरा उतरतो, उतरू द्यावा.