सूर्य अक्षय, विहीर नव्हे

दगडी कोळसा भूगर्भात तयार होण्यास कोट्यवधी वर्षे लागली. तो एकदा जाळला की संपला. डिझेलचेही तसेच. सूर्यप्रकाशाची गोष्ट निराळी. आज सौर पॅनेलांनी तो कितीही टिपला तरी उद्याच्या उन्हात कणभरही उणेपणा येत नाही, आणि सूर्य अजून सुमारे ५०० कोटी वर्षे तळपणार आहे. सौरऊर्जेस अक्षय म्हणतात ते याच अर्थाने.

परंतु या शब्दाचा विपरीत अर्थ घेतला जाण्याचा धोका आहे. २०१९ साली केंद्राने कुसुम योजना व २०२४ साली राज्याने ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना सुरू केली. सर्वसाधारण शेतकऱ्यास किमतीच्या १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यास ५ टक्केच रक्कम भरावी लागते. रात्री-अपरात्री पाणी देण्यास जाण्याची यातायातही टळते. हे हिताचेच होय. मात्र डिझेलला पैसा पडे, म्हणून हात आखडता राही. ऊन फुकटचे, मग पंप दिवसभर चालू ठेवण्याचा मोह कोणास होणार नाही? दख्खनच्या काळ्या कातळात पाणी मुरते थोडे, आणि तेही मुख्यत्वे पावसाळ्यात. ऊन रोज उगवते, विहीर वर्षातून एकदाच भरते.

म्हणून पंप बसविण्यापूर्वी पिकाच्या पाण्याचा हिशेब व ठिबक संचाचा विचार व्हावयास हवा. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पंप बसतानाच विहिरीची पाणीपातळी नोंदवावी व मार्चअखेर ती पुन्हा मोजून पाहावी. उसासाठी पंप मागणाऱ्यास तर हे आधीच स्पष्ट सांगावे. तो रागावला तरी चालेल.