गुण २.३, शेरा ‘लो’

तिमाही पॅचची यादी आली की बहुतेकांची नजर आधी गुणांच्या रकान्याकडे जाते. नऊच्या वरचे काही दिसले तर त्याच दिवशी फोन फिरतात, सात-आठवाल्यांना महिन्याची मुदत मिळते आणि चारच्या खालचे ‘पुढच्या खेपेला’ म्हणून शीटच्या तळाशी जाऊन बसते. कोअर बँकिंग, ट्रेझरी किंवा मोठ्या अकाउंटिंग पॅकेजांमधल्या या तळच्या ओळी साधारण एकाच साच्याच्या असतात: हल्लेखोर त्या सर्व्हरवर लॉगइन केलेला हवा, त्याच्याकडे वरचे अधिकार हवेत, मग त्याला थोडाफार डेटा वाचता किंवा बदलता येईल. ज्याच्या हाती आधीच किल्ल्या आहेत त्याच्यासाठी खिडकीची कडी कशाला तपासायची, असे म्हणून आपण पुढे सरकतो.

हे गणितात कसे उतरते ते पाहण्यासारखे आहे. त्रुटींना गुण देणाऱ्या सीव्हीएसएस ३.१ च्या सूत्रात नेटवर्कवरून, लॉगइनशिवाय, सहज वापरता येणारी आणि गोपनीयतेला किरकोळ धक्का देणारी त्रुटी घातली तर गुण येतात ५.३. धक्का तेवढाच ठेवून ‘नेटवर्क’च्या जागी ‘लोकल’ आणि अधिकारांच्या जागी ‘हाय’ भरले की २.३. वापर किचकट आहे असे धरले तर १.९. नुकसानीच्या बाजूला काहीच बदललेले नाही. हल्लेखोर तिथवर पोचणे किती अवघड, या एका अंदाजाने गुण निम्म्याहून खाली आले. हा अंदाज जगभरच्या सगळ्या ग्राहकांसाठी एकच असतो. तुमच्या सर्व्हरचा पासवर्ड किती जणांना माहीत आहे हे विक्रेत्याला कुठून कळणार? सूत्र सांभाळणारी ‘फर्स्ट’ ही संस्थाच सांगते की मूळ गुण तीव्रता मोजतात, जोखीम नव्हे. आपापल्या परिस्थितीनुसार गुण बदलण्यासाठी तिने ‘एन्व्हायर्न्मेंटल’ निकष दिले आहेत. ते भरण्याच्या फंदात आपल्याकडे कोणी पडत असेल असे वाटत नाही.

फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेश बँकेच्या न्यूयॉर्क फेडमधल्या खात्यातून सुमारे ९५ कोटी डॉलर काढण्याचे आदेश गेले आणि त्यातले ८.१ कोटी फिलिपिन्समध्ये पोचले. हे आदेश ज्यावरून गेले ते स्विफ्टचे नेटवर्क फुटले नव्हते. बीएई सिस्टिम्सने त्या एप्रिलमध्ये मांडलेल्या विश्लेषणानुसार, बँकेच्या स्वतःच्या सर्व्हरवर चालणाऱ्या अलायन्स ॲक्सेस या स्विफ्टच्या सॉफ्टवेअरच्या एका लायब्ररीतले दोन बाइट मालवेअरने मेमरीत बदलले. पडताळणी फसली की वाट अडवणारी सूचना त्या दोन बाइटांत होती. ती गेल्यावर संदेशांच्या नोंदी शोधणे, खोडणे, प्रिंटरवर जाणारे पुष्टीचे कागद थोपवणे, सगळे मोकळे झाले. ही करामत आत शिरून अधिकार हाती आल्यानंतरची. अशी जागा आज कोणी विक्रेत्याला कळवली आणि नोंदी वाचणे व बदलणे या दोन्हींचे नुकसान कमाल धरले, तरी ‘लोकल, हाय’ या दोन रकान्यांमुळे गुण ६.० वर थांबतील. शेरा: मीडियम.

आर्थिक सॉफ्टवेअरची गोष्ट इथे वेगळी होते. सर्व्हरचा ॲडमिन खातेवहीचा मालक नसतो. तळे राखील तो पाणी चाखील, हे बँकिंगला मान्य नाही, म्हणून तर मेकर-चेकर आहे. लॉग फाइलमध्ये साधा वाचता येणारा पासवर्ड किंवा ॲडमिनला हळूच बदलता येणारी ऑडिट ट्रेल नेमकी हीच रेघ पुसते, आणि यादीत तिचे गुण दोन-अडीच असतात.

आणि आपल्याकडे ‘वरचे अधिकार’ असतात तरी कोणाकडे? नागरी सहकारी बँकांत बँकेच्या माणसांपेक्षा विक्रेत्याच्या सपोर्ट इंजिनिअरांकडे ते जास्त आढळतात. एकच आयडी चौघे वापरतात, नोकरी सोडलेल्याचे खाते चालू राहते, रिमोटचे सॉफ्टवेअर रात्रभर उघडे असते. आतल्या यंत्रणेपर्यंत हात पोचला की काय होते ते पुण्याने ऑगस्ट २०१८ मध्ये पाहिले. कॉसमॉस बँकेचे ९४ कोटींहून अधिक रुपये गेले. २८ देशांतल्या एटीएममधून नोटा निघत होत्या आणि मंजुरी बनावट स्विच देत होता.

म्हणून सगळे ‘लो’ पॅच तातडीने चढवा, असे आमचे म्हणणे नाही. मार्चअखेरीस तसा आग्रह धरणारा सल्लागार डे-एंडला रात्री बसलेला नसतो. यूएटी न करता चढवलेल्या पॅचने व्याजाची आकारणी बिघडली तर ती त्रुटी कोणत्याही यादीपेक्षा महाग पडेल. मात्र थांबायचे तर कशाच्या जोरावर, हे लिहून ठेवा. प्रत्येक ‘लो’ ओळीसमोर त्या सर्व्हरवर आज चालू असलेले प्रिव्हिलेज्ड आयडी नावानिशी लिहा. दोनच असतील आणि त्यांचे सेशन रेकॉर्ड होत असेल, तर दोन तिमाही खुशाल थांबा. दहा निघाले, त्यातले चार विक्रेत्याचे आणि एक नुसताच ‘ॲडमिन’ असेल, तर ती ओळ तुमच्यापुरती ‘हाय’ आहे. पॅच नंतर आला तरी चालेल, आधी आयडी बंद करा. आयएस ऑडिटचे साचे बहुधा ‘क्रिटिकल आणि हाय प्रलंबित किती’ एवढेच विचारतात. ऑडिटर मित्रांनी हा आयडींचा रकाना त्यात घालावा.

लॉग आणि पासवर्ड-किल्ल्यांना हात लावणाऱ्या त्रुटींना मात्र आम्ही ही सवलत देणार नाही. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपायचे आहेत. ज्याच्यावर संशय घ्यायचा त्यालाच ते खोडता येत असतील, तर तपास अधिकाऱ्यापुढे काय ठेवणार? पॅच येईपर्यंत लॉगची प्रत त्याच क्षणी वेगळ्या सर्व्हरवर जाईल अशी सोय करता येते. त्या सर्व्हरचा ॲडमिन दुसरा असावा, आणि तो विक्रेत्याचा माणूस नसावा.