आधी कर, मग परतावा?



वडीगोद्रीपासून समुद्र दूर. पण ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या, कोळ्यांच्या होड्या फुटल्या. सप्टेंबर २०२५ च्या पुरात आपली गोदाकाठची शेते पाण्याखाली गेली. पंचनामा दोघांच्याही नशिबी. मदत मिळते ती मोडल्यावर. मोडू नये म्हणून पदरचा पैसा घालणाऱ्याला काय?

शहाणे सांगतात, अशा खर्चावर आयकरात सूट द्या. ऐकायला गोड! पण सूट मिळते कर भरणाऱ्याला. लहान होडीवाल्याचे उत्पन्न करपात्र होतच नाही. आपले शेतीचे उत्पन्न तर आयकरातून वगळलेलेच. मग आपण कर भरत नाही? भरतो. कपाशीवरच्या औषधाचा १८ टक्के जीएसटी दुकानातच कापला जातो.

कोळ्याला डिझेलवरचा विक्रीकर सरकार परत देते. पण आधी भरायचा, मग परताव्याची वाट पाहायची. तोवर घर उधारीवर. एप्रिल २०२५ मध्ये राज्याने मासेमारीला शेतीचा दर्जा दिला. आता त्यांचे-आपले दुखणे एकच.

ठिबकवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये १२ वरून ५ टक्क्यांवर आला. अर्ज नाही, खेटे नाहीत, बिलातच कमी. हीच खरी वाट. कोळ्याचा नांगर-दोर असो की आपले ठिबक, संकटातून वाचवणाऱ्या वस्तूवर कर घेऊच नका.

जिल्हा बैठकीत हा ठराव मांडू. येताना औषधांची बिले आणा.