नाव कोणाचे?

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये एक पितळी आफताबा आहे, पाणी ओतण्याचा. अंगभर चांदी-तांब्याचे जडावकाम, त्यात दरबार आणि शिकारीची चित्रे. त्यावर कारागिराने स्वतःच कोरले आहे: शुजा इब्न मना, मोसुल, रजब ६२९ हिजरी, म्हणजे इ.स. १२३२.

तरी जग त्याला ‘ब्लाकास’चा म्हणून ओळखते. ब्लाकास हे फ्रान्सचे ड्यूक घराणे. त्यांचा संग्रह म्युझियमने १८६६ साली विकत घेतला. व्यवहाराबद्दल माझी तक्रार नाही. पण पैसे मोजून वस्तू मिळते, तिचे नावही मिळते का?

आपल्याकडेही आहेराच्या भांड्यावर देणाऱ्याचे नाव घालतात, तांबटाचे कोण घालतो? शुजाने मात्र आपले नाव, गाव, महिना सगळे लिहून ठेवले. एवढे करूनही पाटीवर आधी गिऱ्हाइकाचेच नाव! ती पाटी बदला. ‘शुजाचा आफताबा, मोसुल’ असे लिहा. ब्लाकास खाली बारीक अक्षरात चालतील.