नंद सिंगचा फोटो कुठाय?

हे संपादकीय एका भांडणातून निघालंय. भांडण आपल्याच वस्तीतलं, आपल्याच पोरांचं. मेहकर तालुक्यातली ही पोरं रोज पहाटे चारला उठतात आणि डांबरी रस्त्यावर धावतात. सोळाशे मीटर. मोबाईलवर टायमर लावून. पायात धड बूट नाहीत, पण टाइम काढतात. भरती निघाली की गावात दुसरं काहीच निघत नाही, म्हणून धावतात.

त्यातल्या एकानं परवा वाचनालयात फोटो आणला. स्वतःच्या पैशानं फ्रेम करून. कोवळा पोरगा, डोक्यावर काळी टोपी. खाली लिहिलेलं : सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल, परमवीर चक्र. मला म्हणाला, "भाऊ, सोळा डिसेंबरले बाबासायबाच्या बाजूले लावू काय?"

दुसरा लगेच उसळला. "काऊन बे? थो आपला कोन लागते? ब्रिगेडिअरचा पोरगा थो. अगुदर आपले मेलेले लाव भितीवर!"

दोघांनी एकमेकांची गचांडी धरली. सोडवली मीच. पण सोडवून घरी आलो आणि माझंच डोकं भणभणायला लागलं. कारण दोघंही खोटं बोलत नव्हते.

तर आधी हा पोरगा कोण, ते नीट सांगतो. फोटो आणणाऱ्यालाही पुरतं ठाऊक नव्हतं.

अरुण खेत्रपाल. जन्म १४ ऑक्टोबर १९५०, पुणे. घराणं सरगोध्याकडचं, फाळणीत मूळ गाव तिकडे राहिलेलं. बाप फौजेत अधिकारी. पोरगा खडकवासल्याच्या एनडीएत शिकला. आज तिथल्या परेडच्या मैदानाला त्याचंच नाव आहे. १३ जून १९७१ ला कमिशन मिळालं. रेजिमेंट १७ पूना हॉर्स. लढाई पेटली तेव्हा तो नगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, रणगाड्यांचा कोर्स करत होता. कोर्स अर्धा टाकून थेट आघाडीवर गेला. शकरगडचा भाग, बसंतर नदी. नदीपलीकडे आपल्या फौजेनं पाय रोवलेले, भोवती सुरुंगच सुरुंग. १६ डिसेंबरच्या सकाळी जरपालजवळ पाकिस्तानच्या पॅटन रणगाड्यांनी उलटा हल्ला चढवला. याच्याकडे सेंच्युरियन रणगाडा, नाव फामागुस्ता. गाड्याला गोळा लागला, आग लागली. वरून हुकूम आला : गाडा सोड. यानं वायरलेसवर कळवलं की तोफ अजून चालू आहे, मी सोडत नाही. शत्रूचे चार रणगाडे त्याच्या नावावर लागले. मग पुन्हा एक गोळा आला, आणि संपलं.

वय एकवीस वर्षं, दोन महिने. नोकरी सहा महिने. त्याच दिवशी दुपारनंतर तिकडे ढाक्यात पाकिस्तानी फौजेनं शरणागतीच्या कागदावर सही केली. आणखी काही तास तो टिकला असता तर विजयाचा लाडू खाल्ला असता.

या पोराला मी सलाम करतो. हात आखडून नाही, पुरा सलाम. त्याला खाली उतरायची परवानगी होती आणि तो उतरला नाही. आपल्या चळवळीत परवानगी नसताना खाली उतरलेले कितीतरी पाहिलेत मी. आमदारकीची गाडी आली की उतरले, महामंडळाची गाडी आली की उतरले. तोफ चालू होती, तरी उतरले! त्यांनी तरी या फोटोपुढं मान खाली घालावी.

पण सलाम करून हात खाली घेतला, की प्रश्न सुरू होतो.

सेंच्युरियन रणगाडा एकट्याचा नसतो. चौघांचा असतो. त्या फामागुस्तात आणखी तिघे होते. गाडा हाकायला प्रयाग सिंग. तोफेवर नथू सिंग. वायरलेस सांभाळायला आणि गोळे भरायला नंद सिंग. नंद सिंग त्याच गाड्यात मेला. बाकीचे दोघे शत्रूच्या हाती लागले. गाडा सोडणार नाही असं साहेबानं सांगितलं, तेव्हा ते तिघे काय म्हणाले? कोणी विचारलं? वायरलेस तर नंद सिंगच्याच हवाली होता!

आग चौघांना सारखीच होती. लोखंड चौघांभोवती सारखंच तापलं होतं. मग भिंतीवर एकच फोटो का? नंद सिंगचा फोटो कुठाय?

साहेबानं त्याचा फोटो लपवला, असं मी म्हणत नाही. मेलेला पोरगा काय लपवणार! लपवतो तो आपला देश. या देशाला आठवण ठेवायचीसुद्धा उतरंड लागते. वर एक मडकं, त्याखाली दुसरं, सगळ्यात खाली आपण. मरणानंतरही मडकी तशीच रचलेली.

त्याच लढाईत चार परमवीर चक्रं दिली गेली. त्यातला एक लान्स नायक अल्बर्ट एक्का. आजच्या झारखंडमधल्या गुमल्याकडचा आदिवासी. पूर्वेच्या आघाडीवर गंगासागरला शत्रूची मशीनगन बंद करता करता मेला. रांचीत त्याच्या नावाचा चौक आहे. आपल्या बुलडाण्यात किती जणांनी त्याचं नाव ऐकलंय? मी स्वतः तिशी ओलांडल्यावर ऐकलं. लाज वाटते, पण खरं आहे ते लिहितो.

आता दुसऱ्या पोराकडं वळतो. "थो आपला कोन लागते?"

ऐक बाबा. तो पूना हॉर्सचा. या पूना हॉर्सच्या लढायांच्या मानचिन्हांत एक नाव आहे : कोरेगाव. होय, तेच. १ जानेवारी १८१८. भीमेच्या काठी मुंबईच्या पायदळाची पलटण उभी होती, तिच्यासोबत पूना ऑक्झिलरी हॉर्सचे घोडेस्वार होते. पुढं त्याचीच पूना हॉर्स झाली. म्हणजे ज्या स्तंभापुढं तू दरसाल मान वाकवतोस, त्या स्तंभाच्या लढाईत त्याचं रिसालं आणि तुझ्या पूर्वजांची पलटण एका गावात, एका दिवशी, एकाच तहानेनं लढली. स्तंभावर ४९ नावं आहेत. त्यांतली २२ 'नाक' लावलेली, आपली.

मग पुढं काय झालं? रिसालं राहिलं. घोडे जाऊन रणगाडे आले. आणि पायदळातल्या आपल्या माणसांना १८९२ च्या सुमारास सांगितलं, तुमची जात लढवय्यी नाही, भरती बंद! ७४ वर्षांपूर्वी लढवय्ये होते ते एका हुकमानं नालायक झाले. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली अर्ज लिहिला. शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० साली लिहिला. १९१७ मध्ये महायुद्धात माणसं कमी पडली, तेव्हा १११ महार ही पलटण उभी केली आणि गरज सरल्यावर १९२१ मध्ये मोडून टाकली. सुभेदार रामजींचा मुलगा १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर बसला, तेव्हा कुठं बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. तिच्या मूळच्या बिल्ल्यावर कोरेगावचाच स्तंभ होता.

आज त्या रेजिमेंटच्या नावावर एक परमवीर चक्र आहे. मेजर रामस्वामी परमेश्वरन, ८ महार, श्रीलंकेत २५ नोव्हेंबर १९८७ ला पडले. जन्म मुंबईचा. जातीनं आपले नव्हते. पण छातीवर गोळी लागली तेव्हा त्यांच्या भोवती महार रेजिमेंटचे जवान होते. मग ते आपले कोण लागतात? सांग. रक्ताचं नातं विचारणारी भाषा आपली नव्हे. ती ज्यांची आहे त्यांच्याकडंच राहू दे.

आता माझ्या घरातलं सांगतो. आजवर लिहिलं नव्हतं.

माझे मोठेबाबा महार रेजिमेंटमध्ये शिपाई होते. एकाहत्तरला पश्चिम आघाडीवर होते. अंगात तुकडा शिरला, काढला, बरे झाले. बहात्तरच्या उन्हाळ्यात सुट्टीवर घरी आले. छातीवर मेडल. गाव आपल्याच जिल्ह्यातलं, नाव लिहीत नाही. गाव बदललं नाही म्हणून नाही, आमची माणसं अजून तिथं राहतात म्हणून.

दुष्काळ पडलेला. विहिरीला तळ लागलेला. मोठेबाबा एस.टी.तून उतरून वर्दीतच घराकडं निघाले, तर वाटेत विहिरीवर त्यांची माय, माझी आजी, रिकामी घागर घेऊन लांब उभी. कोणीतरी वरून ओतेल म्हणून. सकाळपासून उभी. मोठेबाबांनी ट्रंक खाली ठेवली, घागर घेतली आणि सरळ पाणी शेंदलं.

बस्स. एवढंच केलं. त्या रात्री गावकी बसली. वर्षभर आमच्या घराला कोणी कामाला बोलावलं नाही. सुट्टी संपली तसे मोठेबाबा परत सीमेवर गेले. आमची माणसं खडी फोडायला दुष्काळी कामावर गेली.

मरायच्या अगोदर ते एकदा मला म्हणाले, "बंकरात मी अन् एक राजपूत, एकाच मगानं पानी पेलो. त्याले काही झालं नाही, मले काही झालं नाही. गावात काऊन होते रे?"

मला उत्तर देता आलं नाही. अजून देता येत नाही.

आणि आता खेत्रपालच्या बापाचं ऐका. २००१ साल. एक्क्याऐंशी वर्षांचा म्हातारा, निवृत्त ब्रिगेडिअर एम. एल. खेत्रपाल, आपलं जुनं सरगोधा बघायला पाकिस्तानात गेला. लाहोरला एका पाकिस्तानी ब्रिगेडिअरच्या घरी उतरला. ख्वाजा मोहम्मद नासर त्याचं नाव. घरच्यांनी पाहुणचारात काही कमी ठेवलं नाही. शेवटच्या रात्री यजमानानं सांगितलं, तुमचा मुलगा माझ्या हातून मारला गेला. जरपालला समोरच्या रणगाड्यात मीच होतो. म्हातारा काय बोलणार! दोघे सैनिक होते, दोघांना लढाई म्हणजे काय ते ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी निरोप घेऊन तो परत आला.

दोस्तहो, ही गोष्ट वाचली तेव्हा मी वही मिटून बाहेर जाऊन बसलो. ज्यानं पोरगा मारला त्या शत्रूच्या घरात बापाला ताट वाढलं जातं, पाणी दिलं जातं, खरं सांगितलं जातं. आणि ज्या गावासाठी माझ्या मोठेबाबांनी अंगात लोखंड घेतलं, त्या गावात त्यांच्या मायला एक घागर पाणी नाही! शत्रू कोण आणि आपला कोण, हे मला नकाशावरून शिकवू नका.

विजयाचे ढोल वाजले ते सन १९७१. तीन वर्षंही पुरी सरली नाहीत तोच १९७४ साली शेजारच्या अकोला जिल्ह्यात, धाकलीला, गवई बंधूंचे डोळे काढले. कुठल्या शत्रूनं? कुठल्या सीमेवर?

म्हणून दुसरा पोरगा चिडतो, ते मला कळतं. पण चिडून फोटो उतरवायचा नसतो. उतरवून काय मिळणार? एकवीस वर्षांचा पोरगा पुन्हा एकदा मरेल, एवढंच. आपल्याला भिंत वाढवायची आहे.

आपल्याच जिल्ह्याची मोजदाद करा. १४ फेब्रुवारी २०१९, पुलवामा. मलकापूरचे संजय राजपूत आणि लोणार तालुक्यातल्या चोरपांग्र्याचे नितीन राठोड. दोघेही सीआरपीएफचे. ऑक्टोबर २०२३, सियाचीन. बुलडाणा तालुक्यातल्या पिंपळगाव सराईचा अक्षय गवते. अग्निवीर. ही अग्निवीराची योजना जून २०२२ ची. नोकरी चार वर्षं. चौघांतला फार तर एक पुढं कायम, तिघं घरी. पेन्शन नाही. रस्त्यावर धावणाऱ्या माझ्या पोरांनो, धावा, पण हे हिशेब पाठ करून धावा. मरणाचा धोका पूर्ण आणि नोकरी पाव, हा सौदा कोणी मांडला ते विचारा. विचारलं म्हणून देशद्रोही ठरवतील. ठरवू द्या. घागर शेंदली तेव्हाही ठरवलं होतंच.

तर सोळा डिसेंबरला काय करायचं, ते आम्ही ठरवलंय. भांडणारी दोन्ही पोरं बैठकीला होती.

खेत्रपालचा फोटो लागेल. त्याच्या शेजारी तेवढ्याच मापाची रिकामी चौकट लागेल. खाली नाव : सवार नंद सिंग. फोटो मिळेपर्यंत ती रिकामीच राहील. येणाऱ्याजाणाऱ्यानं विचारावं, ही रिकामी का? त्याला उत्तर द्यायचं. मग एक्का, परमेश्वरन, राजपूत, राठोड, गवते. आणि शेवटी माझे मोठेबाबा, ट्रंकेवर हात ठेवून काढलेल्या फोटोत.

आणि नुसते फोटो लावून घरी जायचं नाही. तालुक्यातल्या प्रत्येक वस्तीत माजी सैनिक आहेत, त्यांच्या विधवा आहेत. डिस्चार्ज बुक पत्र्याच्या पेटीत पडलेलं, उंदरानं कुरतडलेलं. कुणाची पेन्शन अडली, कुणाचं नाव कागदावर चुकलं, कुणाला मिळणारा हक्कच ठाऊक नाही. येत्या रविवारपासून आपण घरोघर जाऊन यादी करतोय. नाव, पलटण, कुठं लढला, काय मिळालं, काय राहिलं. यादी घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊ, अर्ज देऊ, पोच घेऊ. पोचेशिवाय उठायचं नाही.

ज्यानं फोटो आणला तो मेहकरकडची गावं करणार. ज्यानं "काऊन बे" म्हटलं तो लोणारकडची. दोघांना एकच मोटारसायकल आहे, पेट्रोलला वर्गणी काढतोय. ज्याच्याकडं दहा रुपये असतील त्यानं दहा द्यावेत. ज्याच्याकडं म्हाताऱ्याचं डिस्चार्ज बुक असेल त्यानं ते घेऊन यावं.

आणि कुणाकडं नंद सिंगचा फोटो असेल तर कळवा.

जय भीम.