दूरध्वनीच्या वाटेने आलेली फी

उपचाराच्या वेळी रुग्णाकडून पैसा घ्यायचा नाही, या तत्त्वावर ५ जुलै १९४८ रोजी ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा उभी राहिली. कवळ्या आणि चष्मे यांवर आकार बसविण्याचे ठरताच तिचे शिल्पकार अन्युरिन बेव्हन यांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले. तत्त्वाला पडलेले लहान भगदाड लहान राहत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

पुढे हे भगदाड दूरध्वनीच्या वाटेने रुंदावले. या शतकाच्या पहिल्या दशकात तेथील अनेक दवाखान्यांनी स्थानिक क्रमांक सोडून ०८४४ ने सुरू होणारे क्रमांक घेतले. त्यांवर फोन करणाऱ्याला साध्या फोनहून अधिक दर पडे आणि त्या जादा पैशातून दवाखान्याच्या नव्या फोनयंत्रणेचा खर्च भागविला जाई. रुग्ण ताटकळत राहिला तरी आकारणी चालूच! दवाखान्याची दिरंगाई जितकी मोठी, तितके रुग्णाचे बिल मोठे.

हा भार पडला कोणावर? डॉक्टरची वारंवार गरज लागणाऱ्या वृद्धांवर, दीर्घकाळ आजारी असणाऱ्यांवर आणि घरी फोन नसल्याने मोबाइलवर विसंबलेल्या गरिबांवर. कारण मोबाइलवरून हे दर अधिकच चढे होते. अर्थशास्त्र ज्याला प्रतिगामी कर म्हणते, तो हाच. मात्र तो कोणत्याही पार्लमेंटने मंजूर केलेला नव्हता.

चांगल्या यंत्रणेसाठी चार पैसे जादा पडले तर बिघडले काय, असा युक्तिवाद झाला. तो फोल होता. साध्या दराचे ०३ क्रमांक २००७ पासून उपलब्ध होते. २००९ च्या अखेरीस सरकारने जादा दराच्या क्रमांकांना मनाई केली, तरी दीर्घ मुदतीच्या करारांची सबब सांगून अनेक दवाखान्यांनी ते चालूच ठेवले. करार कंपनीशी आणि भुर्दंड रुग्णाला!

महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका विनामूल्य बोलावता येते. ती शासनाची कृपा नव्हे, नागरिकाचा हक्क आहे. पण ही सेवाही कंत्राटावर चालते, आणि हक्कांना गळती लागते ती बहुधा कंत्राटाच्या कलमांतून. म्हणून आरोग्यसेवेचा कोणताही नवा क्रमांक जाहीर झाला, की कार्यकर्त्यांनी पहिला प्रश्न विचारावा: या फोनचे पैसे कोण भरणार? उत्तर ‘रुग्ण’ असे आले, तर ती सेवा सार्वजनिक उरली नाही असे समजून लढ्याला उभे राहावे.