संकेतस्थळाचा पोशाख

गेल्या वर्षीं शाळेचें संकेतस्थळ नव्यानें सजविण्याचें ठरलें, तेव्हां सर्वांत मोठा वाद ‘थीम’ कोणती घ्यावी यावर माजला. थीम म्हणजे संकेतस्थळाचा पोशाख. मजकूर तोच राहतो, अक्षरें, रंग व मांडणी तेवढीं पालटतात. आमचें स्थळ वर्डप्रेसवर आहे. त्यांत ही सोय २००५ सालीं आली आणि आज थीम हजारोंनीं फुकट मिळतात. निवडीची पंचाईत होते ती त्यामुळेंच!

आम्हीं पसंत केलेली पहिली थीम इंग्रजी नमुन्यांत मोठी ऐटबाज दिसे. मराठी मजकूर घालतांच तिचें सोंग उघडें पडलें. तिच्या टंकांत देवनागरी अक्षरेंच नव्हतीं. यंत्रानें आपल्या पदरचीं बसविलीं. मथळ्यांत अक्षरांमध्यें अंतर सोडलेलें, म्हणून शिरोरेघ तुटली. ओळी दाटीनें रचलेल्या, म्हणून वरच्या मात्रा छाटल्या गेल्या. ‘सुट्टी’च्या वेलांटीचें डोकें उडालेलें पाहून वर्गांत हंशा पिकला. आम्हांस मात्र हंसूं आलें नाहीं.

ज्या मुंबईंत जावजी दादाजींनीं १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना काढून मराठी अक्षरास सुबक वळण दिलें, तिच्या वेशीवर राहणाऱ्यांनीं असें मोडकें अक्षर काय म्हणून चालवून घ्यावें? बरें, चांगल्या अक्षरांचा आज तोटाही नाहीं. मुंबईच्याच ‘एक टाइप’ मंडळीनें घडविलेला ‘मुक्ता’ हा टंक कोणासही विनामूल्य वापरतां येतो. कित्येक टंकांत तर पानाची भाषा मराठी अशी नोंद करतांच ल व श हीं अक्षरें हिंदी वळण टाकून आपल्या वळणानें उमटतात.

आमचें मत असें कीं, थीमची परीक्षा तिच्या चित्रांवरून नव्हे, आपल्याच शाळेच्या नोटिशीवरून करावी, आणि तीही मोबाइलवर. भाईंदरहून चर्चगेटकडे निघालेला पालक गर्दींत एका हातानें दांडी धरून परीक्षेचें वेळापत्रक शोधीत असतो. उत्तनला घरीं बसलेली आजी नातवाची सूचना वाचते. त्यांना सरकत्या चित्रांचें काय होय? तीं उतरेपर्यंत मिरा रोड मागें पडतें.

बसवितांना घाई नको. जुन्या स्थळाची प्रत आधीं काढून ठेवावी. आपले फेरफार मूळ थीममध्यें न करतां तिच्यावर आधारलेल्या उपथीममध्यें करावे, नाहींतर नवी आवृत्ति येतांच ते पुसले जातात. विकाऊ थीमची चोरटी प्रत फुकट मिळते म्हणून घेणें, म्हणजे तर घराची किल्ली चोराच्या हातीं देणें होय.

अखेर आम्हीं एक साधी, पांढरी थीम घेतली. कांहीं मुलें अजून रुसलेलीं आहेत; त्यांच्या मतें ती फार सोंवळी दिसते. परंतु दिवाळीच्या सूचनेंत ‘सुट्टी’ची वेलांटी डोक्यासकट उभी आहे.